ओठ की बोट

रविवारी सकाळी नऊच्या आतच राहू गावाच्या पुढच्या त्या मळ्यात पाय ठेवायला जागा उरत नसे. जीपा, रिक्षा, दुचाक्या उसाच्या कडेनं लागलेल्या आणि पत्र्याच्या मांडवाखाली तीन-चारशे माणूस मांडीला मांडी लावून बसलेलं. त्यात बायाच जास्त. इतर बुवांच्या दारात कुणी मूल होत नाही म्हणून येतं, कुणी नोकरी लागत नाही म्हणून. इथं आलेल्या सगळ्यांचं दुखणं एकच होतं. कुणाचा नवरा, कुणाचा पोरगा, कुणाचा भाऊ जेलमध्ये होता, आणि दृष्टीनाथ महाराजांना म्हणे जेलच्या भिंतीपलीकडचं दिसत होतं.

मी सुरेखा. दौंड जंक्शनला रेल्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसले आणि आता पेन्शनीत आहे. आमच्या घरात बाबा म्हटलं की एकच, ते भिंतीवरच्या फोटोत आहेत आणि शिका म्हणून सांगतात. तेव्हा दुसऱ्या बाबांच्या मांडवात बसायची मला सवय नाही. तिथं गेले ती साखरबाईसाठी.

निमोणे हे माझं माहेर. साखरबाई आणि मी चौथीपर्यंत एका बाकावर बसलो. तिचा सत्यजीत बावीस वर्षांचा. कंपनीच्या गेटवर ठेक्यावरच्या पोरांची मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं, नऊ जणांत ह्याचंही नाव आलं. सात महिने तो आत होता आणि शिरूरच्या कोर्टातली जामिनाची तारीख अकरा दिवसांवर आली होती. वकील म्हणाले होते, पोराची वागणूक चांगली आहे, ह्या खेपेला आशा धरायला हरकत नाही. त्या एका वाक्यावर साखरबाई जगत होती.

खरं तर आतल्या माणसाला घरी फोन करायची रीतसर सोय असते. घरच्यांचा नंबर आधी पडताळून घेतात, एवढंच. पण साखरबाईच्या फोनमधलं सिम तिच्या नवऱ्याच्या, मच्छिंद्रच्या नावावर होतं, आणि मच्छिंद्र वारून तीन वर्षं झाली होती. त्यामुळं तिचा फॉर्म परत आला. तो तिनं घडी घालून देव्हाऱ्यात ठेवला आणि महाराजांकडं यायला लागली.

"पैसा घेत न्हाई गं त्यो," येताना ती मला सांगत होती. "नारळसुदिक घेत न्हाई. तवा खरा असंल का न्हाई?"

"फुकट देणाऱ्याचीच मला जास्त भीती वाटते," मी म्हणाले. तिला ते आवडलं नाही.

मांडवाच्या तोंडाशी एक चेला वहीत नावं लिहून घेत होता. कैद्याचं नाव, बराक नंबर, कशाची केस. मी विचारलं, "देवाला बराक नंबर कशाला लागतो हो?" त्यानं पुढच्या बाईचं नाव विचारलं. दुसरा चेला टोपली घेऊन सगळ्यांचे मोबाईल गोळा करत होता. लहरी आड येतात म्हणे.

मग महाराज आले. चाळिशीचा गोरागोमटा माणूस. मार्चच्या उन्हातही भगवा फेटा कानांखालपर्यंत ओढून बांधलेला आणि गळ्यात मुठीएवढ्या जाड माळा. समोर काशाची परात, परातीत पाणी. "कुणी बोलायचं न्हाई, खोकायचं न्हाई," चेल्यानं बजावलं. "बांगडी वाजली तरी दृष्टी फुटती." तान्ह्या लेकराच्या आईला उठवून उसात नेऊन बसवलं.

"निमोणे," महाराज पाण्याकडं बघत म्हणाले. "सत्यजीत मच्छिंद्र. बराक तीन." मग बराच वेळ शांतता. "भिंत आली. भिंत आडवी आली. सर गं बाई, बाजूला सर." भिंतीला बाई म्हणणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. "सरली. दिसला. निळा शर्ट. नळाजवळ बसलाय."

साखरबाईनं माझं मनगट घट्ट धरलं. "निळाच हाय," ती पुटपुटली. "मीच दिलता."

"बोट सुजलंय त्याचं," महाराज म्हणाले. "बोटाला लागलंय. पर भ्यायचं न्हाई माउली. साडेसाती शेवटल्या पायरीवर हाय. पुढल्या रविवारी ये, पादुका देतो. तारखेला पोराच्या पायात घाल. जामीन न्हाई झाला तर फेटा काढून फिरंन."

मांडवातून हुंकार उठला. साखरबाईचे डोळे वाहत होते. मुलाकातींच्या मधल्या दिवसांत पोराबद्दल दोन शब्द तिला सांगणारा हा एकच माणूस होता, आणि मला तिचा राग येण्याऐवजी त्या परत आलेल्या फॉर्मचा राग आला.

बाराच्या ठोक्याला महाराजांनी परातीवर फडकं टाकलं. दृष्टी मिटली. वीस-पंचवीस बाया अजून रांगेत होत्या, पण दृष्टी बाराच्या पुढं चालत नाही. मी मनात म्हटलं, बाराला तर जेलात दुपारची बंदी होते, सगळे आपापल्या बराकीत कोंडले जातात. देवानं जेलचं वेळापत्रक कधीपासून पाळायला घेतलं?

बुधवारी तिच्यासोबत मुलाकातीला गेले. मध्ये काच, अलीकडं एक फोन, पलीकडं एक. सत्यजीत आला तो खाली मान घालून. वर बघितलं तेव्हा साखरबाई काचेशी सरकली. त्याचा खालचा ओठ मधोमध फाटलेला होता आणि त्यावर तीन टाके होते.

"बोट दाव," ती म्हणाली.

त्याला काही कळेना. त्यानं दोन्ही पंजे काचेला लावले. दहाही बोटं धड होती.

"ओठाला काय झालं रं?"

"नळापाशी पडलो." मग त्यानं मागं वळून बघितलं. दोन कैदी भिंतीला टेकून उभे होते. "आई, चपला आणू नको. हायत मला."

"आसूंदे की, महाराजांनी..."

"आणू नको म्हन्लो ना." त्यानं फोन ठेवला आणि वेळ शिल्लक असताना उठून गेला.

परतीच्या एसटीत साखरबाई म्हणाली, "बघितलंस? महाराज म्हन्ले लागलंय, तर लागलंच हुतं. आता ओठ काय आन् बोट काय."

ओठ काय आन् बोट काय. मी खिडकीबाहेर बघत ते शब्द मनात घोळवत राहिले. एक्स्चेंजमध्ये पहिल्या दिवशी आम्हाला शिकवलं होतं की आकडा सुटासुटा बोलायचा आणि समोरच्याकडून वदवून घ्यायचा, कारण तारेवर साठचं सात होतं आणि सातचं आठ. कानाच्या चुका मी एकतीस वर्षं ऐकल्या आहेत. आणि चुकीवरून माणूस कशानं काम करतो ते कळतं. डोळ्यांनी बघणारा दिसण्यात चुकेल. निळ्याला काळा म्हणेल, सत्यजीतला शेजारचा पोरगा समजेल. पण तोंडावरचा ओठ बघून कुणी त्याला बोट म्हणत नाही. ओठाचं बोट होतं ते फक्त ऐकताना. महाराजांना काही दिसत नव्हतं. त्यांना कुणीतरी सांगत होतं, आणि लाईन खराब होती.

मग सगळं धडाधड जुळलं. मोबाईल गोळा करणं, कानावरचा फेटा, बांगडीचीही भीती, बारा वाजता मिटणारी दृष्टी. आत कुणाकडं तरी चोरून नेलेला फोन होता. आणि तो आत गेला कसा, ह्याचं उत्तर सत्यजीतनं काचेपलीकडून दिलं होतं. हळदीकुंकू वाहिलेली, लाल फडक्यात बांधलेली चप्पल. डोक्यावर धरून आणणारी म्हातारी ती उसवून बघणार नाही, आणि तारखेला आलेल्या एखाद्या पोलिसाचाही हात तिच्यावर सुरी चालवायला धजणार नाही. आपल्याकडं चप्पल पायात असली की चप्पल असते, डोक्यावर घेतली की देव होते. त्या भामट्यानं एवढंच ओळखलं होतं.

मी साखरबाईला सगळं समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमच्यात देव न्हाई सुरेखा. तुला कसं कळंल?"

हे लागलं मला. खोटं कशाला बोलू. पोलिसांकडं जावं असं एकदा मनात आलं, पण हिच्या हातात चप्पल सापडली तर हिलाच आत घेतील आणि पोराचा जामीन कायमचा जाईल, हेही दिसत होतं. शिवाय एक गोष्ट कबूल करते. मला त्या माणसाला भरमांडवात उघडा पाडायचा होता. दौंड स्टेशनबाहेरच्या चांभाराकडून मी चामडं कापायची रापी मागून घेतली आणि पिशवीत टाकली.

पुढल्या रविवारी महाराजांनी आधी पादुका वाटल्या. सहा बायांना सहा जोड. साखरबाईनं तिचा जोड दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. "भुईला टेकवायचा न्हाई, उसवायचा न्हाई," महाराजांनी सांगितलं. "उसवला तर पोराचं आयुष्य उसवलं." मग परात आली, शांतता झाली आणि महाराज पाण्यावर वाकले.

मी उठून उभी राहिले. "महाराज, देवाचं नाव घेतलेलं चालतंय का?"

"मनातल्या मनात घ्या."

"मनात कशाला? देवाचं नाव काय चोरून घ्यायचं असतं?"

बाया हसल्या. राहूच्या शेवंताबाई पुढंच बसल्या होत्या. सत्तरीच्या, नातू आत असलेल्या, गावच्या भजनात सगळ्यांत चढा आवाज त्यांचा. त्यांनी टाळी धरली आणि सूर लावला. बघता बघता आख्खा मांडव टाळ्या वाजवून गाऊ लागला. मी बुद्धवंदना म्हणणारी बाई, पण त्या दिवशी मीही जोरात टाळ्या पिटल्या.

महाराजांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी फेट्यावर तळवा दाबला. पाण्याकडं बघायचं विसरले आणि छपराकडं बघू लागले. "काय? कितवी बराक?" ते ओरडले. "परत सांग. परत सांग की."

मी हात वर केला. टाळ्या थांबल्या. "परत सांग कुणाला म्हणताय महाराज?"

शेवंताबाई सावकाश उठल्या. "मला सांगा," त्या म्हणाल्या, "देवाच्या नावानं ह्याची दृष्टी जाती कशी?" आणि म्हातारीनं हात घालून फेटा ओढला. चेले पुढं आले, पण मध्ये दोनशे बाया होत्या.

उजव्या कानात मुगाच्या दाण्याएवढा, आवाज ऐकवणारा मणी होता. गळ्यातल्या माळांखाली फोनचा आवाज त्या मण्याला पोचवणारं तारेचं कडं, आणि कड्याची वायर गादीखाली. गादी उचलली तर मोबाईल निघाला. त्याच्यावर कॉल चालू होता, एकेचाळीस मिनिटं झालेली. मी वायर उपटली आणि स्पीकर लावला.

"ए हौसराव," आतून आवाज आला. "आवाज कसला येतोय रं? पुढचं नाव सांग, बंदी व्हायला आलीय. आन् त्या निमोणेवालीनं चपला घेतल्या का? तिचं पोरगं लई माजलंय. ओठ फोडला तरी ऐकंना."

महाराजांचं नाव हौसराव होतं, हे तिथं पहिल्यांदा कळलं. पाटसच्या फाट्यावर तो चार्जर आणि कव्हरं विकायचा, असं मागून एकजण म्हणाला, आणि मध्ये एक वर्ष कुठं गायब होता तेही आठवलं. तो वर्षभर आतच होता.

साखरबाईनं चपला डोक्यावरून खाली घेतल्या. "तरीच त्यो म्हन्ला, चपला आणू नको," ती मोठ्यांदा बोलली. "माझ्या सत्यजीतनं सांगितलं हुतं मला. काचंतनं सांगितलं हुतं. मी त्याचं ऐकलं न्हाई, ह्याचं ऐकलं."

मी रापी पुढं केली. तिनं ती माझ्या हातातून घेतली आणि चप्पल भुईवर ठेवून स्वतः तळवा चिरला. रबराच्या दोन थरांमध्ये जागा कोरलेली होती. तिच्यात चिकटपट्टीत गुंडाळलेला, अंगठ्याएवढा मोबाईल होता. बाकीच्या पाच जोडांतूनही तेच निघालं.

आणि मग मी बोलले. चांगलं पंधरा मिनिटं बोलले. ओठाचं बोट कसं झालं, वहीतला बराक नंबर कुठं जात होता, नळाजवळचा निळा शर्ट कुणाच्या डोळ्यांनी दिसला. लोक माना डोलवत होते. बाया माझ्या हाताला हात लावून जात होत्या. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचं बोलणं जोडून दिलं होतं, त्या दिवशी पहिल्यांदा सगळे माझं ऐकत होते.

बोलणं संपवून खाली बघितलं. हौसरावचा मोबाईल गादीवर उघडा पडला होता. एक तास, आठ मिनिटं, बारा सेकंद. तेरा. चौदा.

बोलणं झालं की आधी प्लग काढून लाईन तोडायची, हा एक्स्चेंजमधला दुसरा धडा. शिकाऊ पोरींना मी तो स्वतः शिकवत असे. आणि लाईन चालू राहिली होती. सत्यजीतनं आईला सावध केलं होतं, हे आत ऐकू गेलं होतं.

पोलिसांना फोन केला, त्यांनी जेलला कळवलं. जेलात झडती झाली आणि भिंतीच्या पोकळीतून, शौचकुपातून तीन फोन निघाले. पण झडतीआधी मधला दीड तास होता. त्या दीड तासात कुणीतरी सत्यजीतचा उजवा हात बराकीतल्या संडासाच्या दाराच्या फटीत धरला आणि दार लावलं. दोन बोटं मोडली.

पोलीस ठाण्यात साखरबाईला आधी कुणी काही विचारलंही नव्हतं. ती आपणहून म्हणाली, "साह्येब, मागच्या तारखेला बी येक जोड दिलाय मी. महाराजांचाच." मी तिच्या शेजारी बसले होते आणि मला हे माहीत नव्हतं. हौसरावशी बोलणारा तो आवाज ज्या फोनवरून येत होता, तो फोन कदाचित तिच्याच डोक्यावरून आत गेला होता. पोराचा ओठ फोडल्याची बातमीही त्याच्यावरूनच बाहेर आली असेल. हे तिला मी सांगितलं नाही. ती एवढी खुळी नव्हती, तिला ते कळलं होतं.

तिचा जबाब झाला. जामिनाची तारीख पुढं गेली. वकील म्हणाले, बाईनं खरं सांगितलं ह्याचा पोराला उपयोग होईल, पण वेळ लागेल. आज महिना होत आला, जामीन अजून झालेला नाही.

आणि एवढ्यावर संपलं असतं तर मी गप्प बसले असते. पण बोटं मोडल्याची बातमी निमोण्यात पोचली त्या संध्याकाळी गिरणीपाशी बाया कुजबुजत होत्या, आणि दुसऱ्या दिवशी राहूपर्यंत एकच बोलणं. "बघा, महाराज म्हन्ले हुते. बोटाला लागलंय म्हन्ले हुते. आधीच दिसलं हुतं त्यांना." हौसराव कोठडीत, कानातला मणी पंचनाम्यात, चिरलेल्या सहा जोड चपला पोलिसांच्या कपाटात, आणि मळ्यातल्या त्या रिकाम्या मांडवात कुणीतरी पुन्हा नारळ फोडून आलं होतं. माझ्या आयुष्यात मला इतकी लाज आणि इतका संताप एकाच वेळी कधी वाटला नव्हता. माझ्या चुकीनं त्या भामट्याचं खोटं खरं करून ठेवलं होतं.

साखरबाई मात्र गप्प बसली नाही. पुढच्या आठवड्यात मी तिच्याकडं गेले तेव्हा ती गिरणीवर दळण घेऊन उभी होती आणि एक बाई तिला तेच ऐकवत होती.

"ऐक बाई," साखरबाई म्हणाली. "त्यो बोट म्हन्ला तवा बोट धड हुतं. मी सोता बघितलं, काचंला लावलं हुतं त्यानं. फुटला हुता त्यो ओठ. आतल्यानं ओठ म्हन्लं आन् ह्याला बोट ऐकू आलं. बोट मागनं मोडलं, आन् ते माझ्या डोक्यावरल्या चपलंनं मोडलं. देवानं न्हाई."

"तरी पन..." ती बाई म्हणाली.

"तरी पन काय? जेलला जाती का माझ्यासंगं? दावते."

ती बाई गेली नाही. पण त्या दिवसापासून निदान साखरबाईच्या तोंडावर तरी ते कुणी बोलत नाही.

मला वाचणाऱ्यांना एवढंच विनवायचं आहे. मला दिसतं, असं कुणी म्हणाला तर त्याला विचारा, कशानं दिसतं? त्याची चूक झाली तर ती पोटात घालू नका, तिच्याकडं नीट बघा, कारण खोटेपणाची शिवण तिथंच उसवते. डोक्यावर घ्यायला दिलेली वस्तू आधी खाली ठेवून तपासा. आणि ज्याच्या देव्हाऱ्यात परत आलेला फॉर्म असेल त्याच्यासोबत बसून तो पुन्हा भरा. तो त्याच दिवशी भरला असता, तर त्या मळ्यात जायची वेळ साखरबाईवर आली नसती.

आम्ही तो भरला. साखरबाईनं शिरूरला जाऊन स्वतःच्या नावावर सिम घेतलं, नंबर पडताळून झाला, आणि काल सकाळी जेलमधून रीतसर फोन आला. मी तिच्याजवळच होते. लाईन वाईट होती, मधेमधे तुटत होती. साखरबाईनं दोन्ही हातांनी फोन कानाला दाबला आणि विचारलं, "बोट कसं हाय रं?"

पलीकडून खरखर आली. मग सत्यजीतचा आवाज. "आई, नीट ऐकू आलं न्हाई. बोट म्हन्लीस का ओठ?"

साखरबाईनं माझ्याकडं बघितलं.

"बोट, बाळा," ती सावकाश म्हणाली. "ऐकू आलं न्हाई तर परत इचार. मी परत सांगते."